पंख्यावरची आई

सोल ढंगाच्या प्रेमगीतांनी रेडिओवर गाजलेली गायिका वर्नेल वीस वर्षांनी मेकन या आपल्या गावच्या चर्चमध्ये गायला उभी राहिली. समोरच्या बाकावर थोरली बहीण ओडेसा वारा घेत होती. कागदी पंख्यावर आईचा फोटो होता. आई गेली तेव्हा ओडेसाने देवाला आळवणारं गाणं रचलं होतं. वर्नेलने त्यातल्या ‘देवा’च्या जागी प्रियकराला साद घालणारा ‘राजा’ घातला, मागे ड्रम बडवले आणि बहिणीचं नाव गिळून अख्खी अमेरिका नाचवली. “इथे देवाचंच गा हं, पोरी,” पाद्री म्हणाले. त्यासाठीच ती आली होती. चोरलेलं गाणं सगळ्यांदेखत बहिणीला परत करायचं होतं. तिने डोळे मिटून सूर लावला आणि सवयीने घात केला. “राजा, मला सोडू नकोस...” पंखा थांबला. “ताई, चुकलं गं!” “चुकलं कुठे? तुझंच ते. माझ्या गाण्यात देव होता.” ओडेसाने पंखा उलटवला, आईनेही तोंड फिरवलं.