नावापुरती जागा

झबल्याच्या छातीवर नावासाठी चौकट भरायला सुई उतरली आणि द्वारकाला पुन्हा ते रडणं ऐकू आलं. तिनं मशीनचं पॅडल थांबवलं. रडणं थांबलं. बाहेर जयपूरच्या जवाहर नगरातली दुपार होती, हिवाळ्याचं उबदार ऊन होतं, भाजीवाला ओरडत चालला होता आणि कुणाचंही मूल रडत नव्हतं. तिनं पॅडल दाबलं. मशीनच्या खडखडाटाखाली ते पुन्हा सुरू झालं. बारीक, दमलेलं, दहा दिवसांच्या मुलीचं.

बाकीचं झबलं तयार होतं. पिवळं सॅटिन, घेराला गोटा, म्हणजे रुपेरी जरीची किनार, आणि त्याच्या वर ओळीनं नऊ पोपट. मशीनवर भरतकाम करायचं म्हणजे सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय काढून टाकायचा, कापड लाकडी रिंगमध्ये ताणायचं आणि उघड्या सुईखाली ती रिंग दोन्ही हातांनी फिरवायची. बोट चुकलं की सुई आरपार. द्वारकाचं बोट कधी चुकलं नव्हतं. कॉलनीतली निम्मी बाळं तिच्या पोपटांत नि मोरांत मिरवून घेऊन आता शाळेत जायला लागली होती. मात्र नाव ती कुणाच्याच झबल्यावर भरत नसे. एकदा भरायला बसली होती, तर पहिल्या अक्षराच्या वेलांटीपाशीच हे रडणं आलं. तेव्हापासून "नावाचं मला जमत नाही बाई," असं सांगून ती मोकळी व्हायची. लोकांना वाटे, अक्षरांचा कंटाळा करते.

पण या खेपेला बाळ घरचं होतं. तिची धाकटी जाऊ प्रतिमा जयपूरलाच वाढलेली, आणि हट्ट करण्यात कुणाला हार न जाणारी. "ताई, मतलब नाव तर पाहिजेच ना! फोटोत किती छान दिसेल!" नाव काय, ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. नाव आत्यानं ठरवायचं, बारशाला पाळण्यापाशी बाळाच्या कानात सांगायचं आणि तोवर तोंडाला कुलूप, ही घरची रीत. बारसं उद्यावर आलं होतं. आत्या म्हणजे द्वारकाची मोठी नणंद कलावती. ती सकाळीच जळगावहून येऊन पोचली होती. अकरा वर्षांनी.

अकरा वर्षांपूर्वी, पंच्याहत्तर सालीही ती अशीच आली होती, द्वारकाच्या मुलीच्या बारशाला. असंच झबलं शिवून तयार होतं, छातीवर नावापुरती जागा सोडून. अकराव्या दिवशी सकाळी दवाखान्यात मुलगी गेली. बारसं राहिलं. कलावती त्याच दिवशीच्या गाडीनं परत गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं. ते पत्रातून विचारायचं द्वारकाच्या किती मनात आलं. पण गेलेल्या लेकराचं नाव मोठ्या नणंदेला विचारायचं तरी कसं? घरात कधी विषय निघाला तर सगळे 'ती' म्हणत. नाव नाही म्हणूनच ती रडते, याबद्दल द्वारकाला शंका नव्हती. मूल रडलं की आईनं हाक मारावी. पण हाक मारायची तर कोणत्या नावानं?

कलावती आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"हे घे," ती चिठ्ठी पुढं करत म्हणाली. "गुपचूप भर. प्रतिमाला दिसू देऊ नकोस."

चिठ्ठीवर 'गिरिजा' लिहिलेलं होतं. द्वारकानं ते दोनदा वाचलं.

"वन्सं, हे तिचं तर नाही ना? माझ्या मुलीचं?"

"नाही." कलावती खाटेच्या कडेवर बसली. "तिचं मी दुसऱ्या कुणाला देईन का?"

"मग मला तरी सांगा. अकरा वर्षं ती बिननावाची रडतेय. इथं, या मशीनमध्ये रडतेय."

कलावती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बिननावाची नाही गेली ती," अखेर ती म्हणाली. "दहाव्या दिवशी संध्याकाळी तुझा डोळा लागला होता. ती माझ्या मांडीवर होती. मला लक्षण बरं दिसेना. वाटलं, बारावा दिवस हिला दिसतो की नाही. म्हणून मी तिच्या कानात नाव सांगून टाकलं. आणि सकाळी ती गेली. बाराव्याच्या आधी मी नाव फोडलं, म्हणूनच गेली. मी घालवली तिला, द्वारका. कोणत्या तोंडानं येणार होते मी तुझ्या दारात?"

द्वारकाचे हात रिंगवर तसेच होते.

"ऐकलं का हो तिनं?"

"रडत होती. नाव ऐकलं आणि गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली."

"तिला सांगितलंत तसंच मला सांगा."

कलावती उठली. मशीनपाशी येऊन वाकली आणि तिनं द्वारकाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र... रमा."

सांगून झालं तरी ती तशीच वाकून राहिली. द्वारकानं हात उचलला तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. आणि पाळण्यापाशी नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका घालतात, अगदी तस्साच एक धपाटा द्वारकानं तिच्या पाठीत घातला.