पांढऱ्या पट्ट्याचा रणगाडा

प्रागच्या आमच्या जावयानं, राडिमनं, भंगारातला रशियन रणगाडा चालता केला आणि शनिवारी आमच्या गावच्या माळावर जुन्या रणगाड्यांच्या प्रदर्शनात मांडताना त्यावर पांढरा पट्टा ओढला. अडुसष्ट साली आमच्या देशात घुसलेल्या रणगाड्यांवर अस्साच होता.

"अस्सल दिसायला नको का, सासूबाई?" म्हणे.

शी! लोक त्या पट्ट्यावर बिअरचे पेले टेकवत होते, सॉसेजचे तेलकट हात पुसत होते. माझी नात रशियन टोपी घालून फोटोला हसत होती. माझा मामा आमच्याच चौकात असल्या रणगाड्याखाली गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

"आई, तू तरी बोल त्याला," मी म्हणाले. "तुझा सख्खा भाऊ होता."

"बोलून कुणाचं डोकं ताळ्यावर येतंय?" आई म्हणाली आणि अळंबी निवडत बसली.

रविवारी रणगाड्यांची मिरवणूक माळावरून आमच्या चौकात यायची होती. बँडवाले वाजवून दमले, महापौर घामाघूम झाले, तरी एकही गाडी दिसेना. शेवटी राडिमचा फोन आला.

"सासूबाई, तुमच्या गावच्या पाट्या आहेत की चेष्टा? पाट्या बघत आलो आणि सगळेच्या सगळे डुकरांच्या घाणीत रुतलोय!"

मी आईकडे पाहिलं. तिनं पिशवीतून राडिमचाच पाना काढून माझ्या हातात ठेवला.



"त्याला सगळं अस्सल हवं होतं ना? अडुसष्टलाही आम्ही पोरींनी पाट्या अशाच फिरवल्या होत्या."