बर्नाडीनचा दिवा

"तो दिवा आधी काढा," लाइल म्हणाला.

वर बारमध्ये रविवारचं ऊन पसरलं होतं. खाली तळघरात मात्र दुपारीही अंधार मुक्कामाला असायचा. शेबॉयगन गावची तीसेक माणसं पिनबॉलची, म्हणजे यंत्राच्या काचेखाली लोखंडी गोळी खेळवत गुण मिळवायच्या खेळाची, जिल्ह्याची अंतिम फेरी बघायला जमली होती. कुणाच्या हातातला तळलेल्या चीजचा तुकडा तोंडाजवळच थांबला.

त्र्याहत्तर वर्षांच्या बर्नाडीन क्लंब 'सर्कसराणी' नावाच्या यंत्राच्या कडेला दिवा बसवत होत्या. दिवा त्यांच्या नवऱ्याने केलेला. लांब मानेचा, चिमट्याने पकडणारा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून यायचा आणि डब्यातूनच घरी जायचा. त्यांनी कडेपासून एक वीत मोजली आणि नेमका तिथेच चिमटा लावला.

"काढायचा?" पंच एल्डनने विचारलं. "नक्की?"

"काचेवर तिरीप येते. नियम काय म्हणतो?"

"नियम म्हणतो, बाहेरून लावलेला दिवा दोघांनाही मान्य हवा. एकाने नको म्हटलं, की दिवा गेला. बदल्यात दुसऱ्याची एक मागणी ऐकायची." एल्डनने मान खाजवली. "पण लाइल, या दिव्याला आजवर कुणी नको म्हटलेलं नाही."

"मग मी पहिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लाइलने तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याला या गावात येऊन दोनच महिने झाले होते. मागच्या गावात तो पाच वर्षं ओळीने अंतिम फेरीत हरला होता. मिलवॉकीच्या राज्य स्पर्धेत जिल्ह्यातून एकच माणूस जातो, आणि तो माणूस कधीच लाइल नसायचा. "सहाव्यांदा हरलास तर घरी येऊन सांगू नकोस," बायको म्हणाली होती, "मला चेहऱ्यावरूनच कळतं." यंदा त्याने पक्कं ठरवलं होतं. इतकं पक्कं, की 'राज्य स्पर्धा, मिलवॉकी' असं छापलेला शर्ट आत्ताच त्याच्या स्वेटरच्या आत होता.

शेजाऱ्याने त्याला एकच गोष्ट सांगितली होती: बर्नाडीन त्या दिव्याशिवाय कधी खेळत नाहीत. बस. लाइलने गॅरेजला जाड पडदे लावले आणि तीन आठवडे अंधुक उजेडात सराव केला.

"पोरा, तुला चालेल ना पण?" बर्नाडीनबाईंनी काळजीने विचारलं. "ही सर्कसराणी माझ्याएवढीच थकलीय रे. आतले निम्मे बल्ब गेलेत."

"मला चालेल, क्लंबबाई. तुम्ही तुमचं बघा."

एल्डनला ठसका लागला.

"माझं काय," बाई म्हणाल्या. त्यांनी दिवा काढला, मान दुमडली, डब्यात निजवला. "बरं, मग माझी मागणी. ती गाण्यांची पेटी बंद करा."

"एवढंच?"

"एवढंच. आणि चीज जरा हळू चावा रे सगळ्यांनी."

लाइलला मनातल्या मनात हसू फुटलं. उजेड देऊन शांतता घेतली! असा सौदा त्याच्या आयुष्यात कधी झाला नव्हता.

प्रत्येकाला तीन गोळ्या. लाइलची पहिली गोळी झकास गेली. दुसरी डाव्या कोपऱ्यातल्या काळोखात शिरली आणि बाहेर आली ती थेट खालच्या खड्ड्यात, म्हणजे बाद. गॅरेजमधला अंधार पाळलेला होता. हा रानटी निघाला. तिसऱ्या गोळीला तो काचेवर इतका वाकला, की त्याच्याच श्वासाने काच धुरकट झाली. एकूण अठ्ठेचाळीस हजार दोनशे.

आता भाची टेसने बाईंना कोपराला धरून यंत्रापाशी आणलं. गुडघे गेले असणार, लाइलला वाटलं. बाईंनी दोन्ही तळहात काचेवर ठेवले, तापल्या लेकराचं कपाळ बघावं तसे. मग मान तिरकी केली आणि गोळी उडवायचा दट्ट्या ओढून सोडला.

टिण्. टण्. टिण् टिण् टुण्ण.

गोळी लाकडावरून घरंगळत गेली, घंटेला भेटली, घंटेची होऊन परतली. बाईंची बोटं तिची वाट बघत थांबायची आणि ती दारात आली की अलगद उचलून पुन्हा रानात धाडायची. डाव्या कोपऱ्यात गेली, तरी बाईंचा चेहरा शांत. माजघरात गेलेलं मूल कुठे जाणार? येईलच.

"किती झाले गं?" दोन गोळ्या संपल्यावर त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस हजार, आत्या."

चष्मा विसरल्या वाटतं, लाइलने स्वतःला धीर दिला. आता काय टिकतायत!

तिसरी गोळी अकरा मिनिटं चालली. लाइलच्या स्वेटरखालचा शर्ट घामाने अंगाला चिकटला. एक्काहत्तर हजाराचा आकडा फिरला तेव्हा लोकांनी टाळ्यांनी तळघर डोक्यावर घेतलं.

लाइल हरला असला तरी आईबापांनी रीत शिकवली होती. त्याने पुढे होऊन हात पुढे केला. बाईंनी तो घेतलाच नाही. नुसत्या हसत उभ्या.

"क्लंबबाई, दिव्यावरून रागावलात ना?"

आवाज ऐकल्याबरोबर त्यांचा हात पुढे आला, लाइलच्या हातापासून चांगला वीतभर बाजूला.

"रागावू कशाला? पण टेस, हा नवीन आहे का गं? याला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी हवेत चाचपत त्याचा हात शोधला आणि मायेने थोपटला. "पोरा, माझे डोळे जाऊन अकरा वर्षं झाली. समोरच्याला अंधारात हरवल्याचं पाप नको, म्हणून आणते रे मी तो दिवा."