मीठ-मोहऱ्या

“अहो वकीलसाहेब, मी तर साक्ष फिरवली ना? मग माझा भाऊ सुटला कसा नाही?” हायकोर्टाच्या व्हरांड्यात यमुनाकाकूंनी विचारलं.

“तुम्हीच अडकवलंत त्याला,” भावाचा वकील तडकला. “खालच्या कोर्टात ‘काही पाहिलं नाही’ एवढंच म्हणून गप्प बसायचं होतं. वर आणखी कशाला सांगितलंत, की पुतणी मळ्यातून फाटक्या कपड्यांनी थरथरत आली, म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या?”

“नजरच लागली असं वाटावं म्हणून सांगितलं हो!”

“फिरलेल्या साक्षीतलंही खरं तेवढं कोर्ट निवडून घेतं, काकू. तुमची नजर त्यांनी सोडली, थरथर ठेवली. पोरीच्या जबाबाशी ती जुळली. बलात्काराची शिक्षा कायम.”

भाऊ पाठचा, पोर मांडीवरची. रडू आलं, पण कुणासाठी ते काकूंना उमगेना.

खांबापाशी उभी असलेली पुतणी जवळ आली. “काकू, त्या संध्याकाळी काय झालं, ते तू मला विचारलंच नाहीस.”

विचारलं नाही, ते माहीत नव्हतं म्हणून, की माहीत होतं म्हणून? शपथ घालून कुणी विचारलं असतं, तरी काकूंना सांगता आलं नसतं.