दारं वाजवणारा

लाल दिवा लागला. मालिकेतली बायको माईकसमोर उभी राहून मुसमुसायला लागली. आता तिने दार उघडायचं होतं आणि दार होतं त्याच्या हातात.

कंबरेएवढ्या चौकटीत बसवलेलं दार, पण कडी खरी, बिजागऱ्या खऱ्या. रेडिओवरच्या या मालिकेत जे जे वाजायचं ते तोच वाजवायचा. भांडी, पाऊस, थपडा. थपड स्वतःच्या मांडीवर मारायचा. दुपारी दोनला थेट प्रक्षेपण, त्यामुळे एकदा वाजलं ते वाजलं.

कागदावर लिहिलं होतं : ती दार उघडते, थांबते, दार लावून परत आत येते.

तालमीत तो बोलून गेला होता, "एवढा मार खाऊन परत आत?"

"लोक ऐकतात रे बाबा," दिग्दर्शक म्हणाला होता. "कला घरं जोडायला असते, मोडायला नाही. तू आपली दारं वाजव."

गेल्या आठवड्यात त्याची धाकटी बहीण भेटली होती, तेव्हा तिच्या गालावर वळ होता. नवरा हात उचलतो हे आता ती लपवतही नव्हती. "बघू या ती मालिकेतली काय करते," ती हसत म्हणाली होती. "ती गेली तर मीपण निघेन, दादा." त्याला हसू आलं नाही. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आज सकाळी बायकोने सहज विचारलं, "आज मालिकेत काय होणार हो?" तर त्याने चहाचा कप भिंतीवर फेकला. "तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?" ती बिचारी काचा वेचत बसली. मेव्हण्याच्या नावाने बोटं मोडतच तो कामावर आला.

त्याने कडी काढली. दार करकरलं. दिग्दर्शकाने काचेपलीकडून खूण केली : लाव.

त्याने लावलं नाही. बायकी चपलांचा जोड दोन्ही हातांत घेतला आणि लाकडी खोक्यावर पायऱ्या वाजवायला लागला. एक, दोन, तीन. आधी अडखळत, मग भराभरा. बारावी पायरी त्याने इतकी हळू वाजवली, की ती बाई पार रस्त्याला लागली.

नटीचं पुढचं वाक्य होतं, "चुकलं माझं." तिने त्याच्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि तोंड मिटून घेतलं. मालिकेतला नवरा खरोखरच घाबरला. "अगं... अगं, थांब ना!" एवढंच त्याला सुचलं. शेवटचं संगीत लागलं.

"चालता हो!" दिग्दर्शक ओरडला. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस. मोठा आलाय समाजसुधारक!"

"एका बाईने ऐकलं तरी पुरे मला," तो म्हणाला आणि तडक बहिणीच्या घरी गेला.

दार तिनेच उघडलं. हातात कणकेचा गोळा.

"ऐकलंस?" त्याने धापा टाकत विचारलं.

"काय? अरे, रेडिओ परवाच फोडला यांनी." ती मागे बघत पुटपुटली. "ती गेली का रे?"

"गेली. चल, तूही चल माझ्याबरोबर."

"वेडा आहेस का दादा? मुलं शाळेतून यायचीत. जा, हे येतील एवढ्यात."

नोकरी गेली आणि बहीण होती तिथेच राहिली. परतताना त्याला रडू आवरेना. तेलही गेलं, तूपही गेलं. एवढा उपद्व्याप केला कुणासाठी? आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं.

घराला कुलूप होतं. त्याने दोनदा हाक मारली. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"बायको कुठे गेली?"

"माहेरी. मोठी बॅग घेऊन गेलीय," काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "दुपारी दोघी मालिका ऐकत होतो. ती बाई पायऱ्या उतरली आणि ही ताडकन उठली. म्हणाली, तिला जमलं, मग मला काय धाड भरलीय?"