तीन नंबरचा संगणक

"लिहिलेलं नवऱ्याला वाचायला देत जाऊ नकोस," लग्नाच्या आदल्या दिवशी जोआननं धाकट्या बहिणीला बजावलं होतं. नोरीन हसली होती. "अगं ताई, डेलच तर माझा पहिला वाचक!"

आज तिला हसायला सवड नव्हती. लिंडन स्ट्रीटचं वाचनालय वर्षभर दुरुस्तीसाठी बंद होतं. ते पुन्हा उघडलं, त्या आनंदात परिसरातल्या लोकांकडून कथा मागवल्या होत्या. मुदत आज, गुरुवारी, पाचपर्यंत. आणि उद्या दुपारी डेल तिला आणि तान्ह्या ओवेनला घेऊन उत्तरेला जंगलातल्या केबिनवर राहायला जाणार होता. कायमचा.

"तिथं फोनची कटकट नाही," तो सगळ्यांना सांगायचा. "लेखिकेला आणखी काय हवं?"

नोरीन वाचनालयातल्या तीन नंबरच्या संगणकावर वहीतली कथा उतरवत होती. मागच्या नव्या कोऱ्या आरामखुर्चीत डेल, मांडीवर आठ महिन्यांचा ओवेन. वाचनालय उघडल्यापासून दर गुरुवारी डेलच तिला गाडीनं आणायचा. तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तिचा फोन स्वतःच्या खिशात ठेवायचा. घरी एकेक पान वाचून पेन्सिलीनं खुणा करायचा. दीपगृहात राहणाऱ्या एका बाईची कथा होती. "हिला बहीण कशाला? काढ ती," त्यानं सुचवलं होतं. नोरीननं काढली होती.

शेजारी पेपर वाचत बसलेले लार्स आजोबा म्हणाले, "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, पोरी. आमची ही मला विचारते, वाचनालयात झोपायला जाता की घोरायला?"

"मग काय सांगता?" डेलनं विचारलं.

"दोन्हीला!"

डेल मोठ्यांदा हसला. पडद्यावरची नजर न हलवता नोरीनही हसली.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटं. ओवेन कुरकुरला. पाठोपाठ वास आला.

"नोरीन, हे तुझं खातं," डेल म्हणाला.

काउंटरमागून ग्रंथपाल विल्मा ओरडली, "ती सबब जुन्या भिंतींबरोबर गेली हो, डेल! आता पुरुषांच्या बाथरूममध्येही डायपर बदलायचा ओटा बसवलाय. होऊ दे उद्घाटन तुमच्या हस्ते!"

लार्स आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डेलनं पडद्याकडे पाहिलं, मग नोरीनकडे.

"एकच परिच्छेद राहिलाय," ती म्हणाली. "जा तू. मी आहे ना इथंच."

"आलोच." त्यानं पिशवी उचलली.

बाथरूमचं दार लागलं तशी तिनं वही मिटली. शेवटचा परिच्छेद वहीत नव्हताच. भांडी घासताना, ओवेनला पाजताना, महिनाभर मनात घोळवून तिनं तो पाठ केला होता. एकही अक्षर न चुकता तिनं तो टाइप केला. छपाईची कळ दाबली. काउंटरमागचं यंत्र घरघरलं. तिनं पडद्यावरचं सगळं पुसून टाकलं.

डेल परत आला तेव्हा ती कोट चढवत होती.

"झालं? आण बघू, एकदा शेवटचं वाचतो."

"माझ्याकडे आलं ते माझं," विल्मानं कागद छातीशी धरले. "आता परीक्षकाशिवाय कुणी वाचायचं नाही. आणि परीक्षक मीच!"

"अहो, तिची ओळ न् ओळ मला ठाऊक आहे."

"मग काळजी कसली?"

डेल हसला आणि त्यानं ओवेनला खांद्यावर घेतलं.

"विल्मा," नोरीन म्हणाली, "शेवट आधी वाचा. आत्ताच."

"शेवट आधी? अगं, असं कुणी वाचतं का!"

"माझा तसाच वाचायचा असतो."

बाहेर बर्फ भुरभुरत होता. डेलनं ओवेनला सीटमध्ये बसवून पट्टा आवळला, नोरीनचं दार बाहेरून लावलं आणि गाडी सुरू केली. वाचनालयाच्या नव्या काचेपलीकडे विल्मानं शेवटचं पान वर काढलं. ती काय वाचत होती ते नोरीनला शब्दन् शब्द माहीत होतं:

"विल्मा, ही कथा नाही. डेल आम्हाला घराबाहेर एकटं जाऊ देत नाही. ओवेनला सतत स्वतःजवळ ठेवतो, म्हणून तोंडानं सांगता येत नाही. उद्या दुपारी तो नेतोय तिथून आम्हाला परत येऊ देणार नाही. पत्ता माझ्या वाचनालयाच्या कार्डावर आहे. एकट्या येऊ नका, पोलिसांना घेऊन या. ओवेन आणि मी उद्या दुपारपर्यंतच त्या घरात आहोत, त्याआधी या."