सावड

नाल्याच्या पाण्यावरून सकाळी दोन काठांवरच्या गावांत मारामारी होऊन अलीकडच्या एका पोराचं डोकं फुटलं. दुपारी तरुण मंडळी रॉकेलचे डबे घेऊन पलीकडचे गोठे पेटवायला निघाली. वांकिडीहून पोलीस यायला संध्याकाळ होणार होती. सर्वांत पुढच्या चंपतला आईनं हटकलं, "पेटव ना बापा. पन महिपतच्या गोठ्यात आपला बैल हाय. आदी सोडून आन." चंपत आणि पलीकडचा महिपत यांच्याकडे एकेकच बैल, सावडीनं जोडी जुंपून दोघं आळीपाळीनं एकमेकांची पेरणी करत. चंपत एकटाच गेला. इतरांनी डबे खाली ठेवले. तो रिकामाच परतला. "काऊन? बैल देला नाई?" आईनं विचारलं. "देऊन राह्यला होता. पन त्याची अर्धी ज्वारी पेराची हाय. मीच म्हटलं, उद्याही राहू दे." "मंग परवा पेटवू," आई म्हणाली. परवा चंपतची पेरणी होती. महिपतचा बैल अलीकडे येणार होता.